उतरणाऱ्या गाडीची जागा

कागदाचा लगदा करायचा असेल तर वर्तमानपत्र कात्रीने कापू नये, हाताने फाडावे. कापलेल्या कडेचे तंतू तुटतात. फाडलेल्या कडेचे मोकळे होतात आणि एकमेकांत गुंततात. तुकडे दोन दिवस पाण्यात भिजवावेत, पाट्यावर वाटावेत आणि त्यात भिजवून वाटलेली मूठभर मेथी घालावी. मेथीने लगद्याला चिकटपणा येतो व पुढे कीड लागत नाही. रोहिणखेडच्या आमच्या घरात कपाटावर कागदाचा एक घाट आहे. त्याला अजून कीड लागलेली नाही.

प्राथमिक शाळेत मी तीस वर्षांहून अधिक काळ शिकवले. कार्यानुभवाच्या तासाला माझे दोन नियम असत. काहीही विकत आणायचे नाही. आणि ज्याला जे आवडते त्याने तेच करायचे. शेळ्या राखणारी एक मुलगी भुईमुगाच्या टरफलांच्या शेळ्या करी. एकाने काडेपेट्यांचा जिनिंग कारखाना उभारला होता, आत खरा कापूस.

याखेरीज एक प्रथा होती, जिच्याविषयी आम्ही शिक्षक फारसे बोलत नसू. तालुक्याच्या प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मुले घरी गेली की आम्ही त्यांच्या वस्तूंवरून हात फिरवत असू. कललेली शेळी सरळ उभी करायची, ओघळलेला रंग पुसायचा, उघडा सांधा बुजवायचा आणि खाली मुलाच्या नावाची चिठ्ठी लावायची. दुसऱ्या दिवशी आपली वस्तू पाहून मुले गप्प होत. त्या गप्प होण्याला मी आनंद समजत आले.

मी निवृत्त झाले त्याच वर्षी माझ्या यजमानांना अर्धांगवायूचा झटका आला. त्यांनी उमेदीची सारी वर्षे प्रवासी बस चालवण्यात घालवली होती. बुलढाण्याहून राजूर घाट उतरून मोताळ्याकडे, आणि परत. झटक्यानंतर बोलणे थोडे जड झाले, पण राहिले. उजवा हात मात्र मांडीवर ठेवलेल्या परक्या वस्तूसारखा पडून असे. डॉक्टरांनी सांगितले, बोटांना काम द्या, हात परत येऊ शकतो. मी रबरी चेंडू आणला. त्यांनी तो डाव्या हाताने अंगणात भिरकावला.

"मी का बालवाडीत हाय का व, मास्तरीणबाई?"

तेव्हा मला माझाच दुसरा नियम आठवला. यांना काय आवडते? घाट आवडतो. दसऱ्यानंतरच्या कडक उन्हात आम्ही कामाला लागलो. जुन्या फळीवर विटांचे तुकडे रचून डोंगराचा सांगाडा केला. औषधांची रिकामी खोकी घरात साचलीच होती. त्यांतले एक लांबट खोके बस झाले. लगदा मी वाटायचा, थापायचा त्यांनी. डावा हात थापे आणि उजवा मी उचलून लगद्यावर ठेवी, सवय राहावी म्हणून.

वळणांवरून आमचे रोज भांडण होई.

"अठी वळण नाही व. पयले मोरी येते, मंग वळण."

"अहो, आधी घेतले तर काय बिघडते? डोंगर डौलदार दिसतो."

"डौलदार! घाट का पाव्हण्यायले दाखवाची नवरी हाय का?"

शेजारी मशिदीच्या वाटेवर शिवणकामाचे दुकान असलेले चाचा रोज सकाळी यांच्याजवळ येऊन बसत. बसच्या चाकांसाठी त्यांनी कोटाची चार काळी बटणे आणली.

"डायवरसाब, गाडी तर नवी दिसते. ब्रेक लागते का पन?"

"तुह्या मशीनपेक्षा चांगला लागते. तू उशीर करतो तसा उशीर नाही करत माही गाडी."

झटक्यानंतर हे पहिल्यांदा मोठ्याने हसले ते त्या दिवशी. मी माझ्या वहीत तशी नोंद केली. त्या वहीत रोज बोटांची हालचाल लिहिलेली असे. उजव्या अंगठ्यासमोर महिनाभर एकच शब्द होता : नाही.

दिवाळीला पुण्याहून मुलगी, जावई आणि नात येणार होती. आदल्या दिवशी सकाळी मी बाजारातून आले तेव्हा हे घाटाजवळ बसलेले होते, चेहऱ्यावर काहीतरी लपवल्याचा भाव. मी विचारले नाही. मला फराळाची घाई होती.

दुपारी ते झोपले आणि मी घाट नीट पाहिला. कठडे वेडेवाकडे होते. बसच्या खिडक्या कललेल्या. शेवटच्या मोठ्या वळणापाशी, डोंगराच्या बाजूला, ओल्या लगद्यात एक खळगा पडला होता. मला वाटले, हात घसरला असेल. उद्या लेक येणार, जावई पाहणार. मी वाटीत लगदा घेतला, कठडे सरळ केले, खळगा बुजवला आणि ओल्या बोटाने वळण गुळगुळीत केले. अर्ध्या तासात सगळा घाट प्रदर्शनात मांडण्याजोगा झाला.

ते उठले. घाटासमोर बसले. डावा हात वळणावरून फिरवला, पुन्हा फिरवला, मग थांबवला.

"अठी जागा होती."

"कसली जागा? खळगा पडला होता तो. पाहा ना, किती छान केलाय तुम्ही घाट!"

"चढणाऱ्या गाडीले वाट द्या लागते. उतरणारी गाडी अठी बाजूले घेऊन उभी करतेत." त्यांनी माझ्याकडे पाहिले. "आता उतरणारी गाडी कुठी थांबन?"

मी काही बोलण्याआधी ते गप्प झाले. ते गप्प होणे मी ओळखले. शाळेत वर्षानुवर्षे तेच गप्प होणे माझ्यासमोर उभे राहिले होते.

संध्याकाळी चाचा दारातूनच बोलत आले. "भाभी, देखा के नाही? आज सकाळी डायवरसाबनं उजव्या अंगठ्यानं दाबलं. खुद! मी नाही धरला हात. मले म्हने, बाईले सांगू नको, पोरगी आली का सगळ्यायले एकदमच दाखवतो." मग त्यांची नजर घाटावर गेली. नमाजाची वेळ झाली म्हणून ते निघून गेले.

मी ते वळण लगेच पाण्याने ओले केले. यांचा उजवा अंगठा त्यावर ठेवला आणि म्हटले, दाबा. त्यांनी दाबण्याचा प्रयत्न केला. कपाळावर घाम आला. अंगठा हलला नाही.

"राहू दे व," ते म्हणाले. "चांगला झाला तुहा घाट."

त्यानंतर ते त्याला 'तुहा घाट'च म्हणत. रागाने नव्हे, नातीलाही त्यांनी कौतुकानेच सांगितले, "हे आजीनं केलं." मुलगी गेल्यावर मी नवा लगदा केला, नवी फळी आणली. त्यांनी हात लावला नाही. पौषात दुसरा झटका आला आणि ते गेले. वहीत त्या अंगठ्यासमोर एका दिवशी 'हो' लिहायला हवे होते. ते मी नंतर लिहिले, शाई बदललेली दिसते.

लोक विचारतात, वरचा थर खरवडून पाहता येणार नाही का? ज्याने हे काम केले आहे त्याला उत्तर ठाऊक आहे. वाळलेल्या लगद्यावर लगदा चढवला तर सांधा राहतो व थर सुटतो. ओल्यावर ओला चढवला की दोहोंचे तंतू गुंततात आणि तो एकच कागद होतो. हे मी कितीतरी वर्गांना शिकवले. त्या वळणावर बोट फिरवून, डोळे मिटून मी खळगा शोधला आहे. काम चोख झाले होते. काही लागत नाही.

गल्लीतल्या मुली सुटीत कागदकाम शिकायला येतात. त्या काम करत असतात तेव्हा मी हात पाठीमागे बांधून उभी राहते. परवा एकीने कपाटावर पाहून विचारले, "बाई, ही बस वरच काऊन उभी हाय? खाली आनू का?"

मी नको म्हटले. खाली उतरताना तिला थांबायला जागा नाही.