आत्याबाई आणि माझी गोळी

आत्याबाईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, दूधवाल्यावर विश्वास नव्हता आणि त्याच्या म्हशीवरही नव्हता. देवगाव फाट्यावर कंडक्टरनं गाडी परभणीची आहे असं सांगितलं, तरी त्या शेजारणीला विचारत, "ह्यो खरं बोलायलाय का?"

अशा बाईच्या घरात, बहात्तरच्या दुष्काळानंतर, मला एक विचित्र दुखणं जडलं. सकाळी मी विहिरीवरून घागरी आणी. दिवस कलला की पापण्या मिटत, हात वर होत नसत. आत्याबाईंना आयतंच सापडलं. "भाकरी थापायचा टाइम आला की हिचे डोळे झाकतेत!" फार राग यायचा. पण त्यांच्या जागी मीही तेच म्हटलं असतं.

परभणीच्या डॉक्टरांनी स्नायूंना बळ देणाऱ्या निओस्टिग्मिनचं इंजेक्शन दिलं आणि पाव तासात माझे डोळे टक्क उघडले. आमचे हे आनंदानं उभेच राहिले. आत्याबाई बसूनच म्हणाल्या, "सुईला भेऊन उघडले. मंग आजार कुठं हाय?" याच औषधाच्या गोळ्या रोज जेवणाआधी घ्यायच्या, एकही चुकवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. आत्याबाईंनी ते ऐकून घेतलं, पण पटलं काडीचंही नाही.

मग त्यांनी माझी परीक्षा घेतली. एके संध्याकाळी माझ्या गोळीच्या जागी डोकेदुखीची तसलीच पांढरी गोळी ठेवली. मी ती घेतली, जेवायला बसले आणि दुसऱ्याच घासाला जबडा थांबला. पाणी प्यायले तर ते नाकातून आलं. श्वास पुरेना. समोर बसून डोळे बारीक करून बघणाऱ्या आत्याबाई एकदम पांढऱ्याफटक पडल्या. कनवटीची खरी गोळी काढून त्यांनी ती चुरली आणि थेंब थेंब पाण्यातून पाजली. श्वास सुरळीत होईपर्यंत माझी हनुवटी सोडली नाही.

"म्याच बदलली व्हती," एवढंच म्हणाल्या. माफी मागणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्या दिवसापासून मात्र संशय गोळीवर आला. दुकानदारानं पुडी दिली की वास घेत, "शिळी तर न्हाई ना?" म्हणून त्याला भंडावत. मी गिळली म्हटलं तरी तोंड उघडून दाखवायला लावत. पोराबाळांदेखत हे चाले. मला लाज वाटे आणि बरंही वाटे.

शेवटच्या दुखण्यात त्यांनी ह्यांना जवळ बोलावलं. आम्हाला वाटलं, दागिन्यांचं काही सांगतील. म्हणाल्या, "हिच्यावर लय भरवसा ठिवू नको. म्या गेल्यावर ही गोळी टाळंल."

हे भले गृहस्थ आहेत. माझ्यावर त्यांचा पूर्ण विश्वास. गोळी घेतलीस का, असं त्यांनी आजवर एकदाही विचारलेलं नाही.