बाबांच्या वाटचा भात

जाड माणसाला सल्ला द्यायला कुणाची परवानगी लागत नाही. मोहोपाड्याच्या ज्या कंपनीत मी ऑफिसात बसते, तिथली शेजारची बाई मला रोज जिऱ्याचं पाणी पाजते आणि स्वतः वडापाव खाते. कंपनीच्या बसचा ड्रायव्हर म्हणतो, मॅडम, दर रविवारी कोंडाण्याची लेणी चढा, निम्म्या व्हाल. खालापूरच्या डॉक्टरांनी थायरॉईड तपासलं, ते बरं निघालं. मग त्यांनी बोटांवर कारणं मोजली. दिवसभराची खुर्ची, अपुरी झोप, उलटलेली चाळिशी, उरलंसुरलं पोटात ढकलायची बायकांची खोड. मी सगळ्याला हो म्हटलं, कारण ते सगळं खरंच होतं. मूळ कारण मात्र सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी वजनाचं सोडून डोक्याची गोळी लिहून दिली असती.

घरात आम्ही दोघीच, आई आणि मी. संसार मोडून मी माहेरी परत आले तेव्हा बाबा होते. ते गेले आणि आईचं जेवणच तुटलं. जन्मभर ती नवऱ्याच्या मागून जेवली. आता ज्याच्या मागून जेवायचं तोच नाही, म्हणून ताटापुढे नुसती बसून राहायची. मोतीबिंदूनं नजर अंधुक झालेली, त्यात विसरायला लागलेली. हाताच्या सवयीनं स्वयंपाक मात्र तिघांचा करायची, आणि दोन घास घेऊन उठायची. तिच्या ब्लाउजच्या बाह्या लोंबायला लागल्या तशी मला भीती वाटायला लागली. उरलेलं सगळं मी संपवत होते, अन्न टाकवत नाही म्हणून. वजन वाढलं, गुडघे धरले. बाबांचेही असेच धरलेले होते, तेही डावा पाय ओढत चालायचे.

अशीच एक तिन्हीसांज. बस मला रस्त्यावर सोडून गेली. डावा पाय ओढत मी पायऱ्या चढले, दाराच्या चौकटीला तळहात टेकला आणि हुश्श केलं. आत आई बसली होती. तिनं डोक्यावरून पदर पुढे ओढला आणि अंग चोरून बाजूला सरकली.

"पाय धुवून घ्या. पान वाढते."

मी मागे वळून पाहिलं. अंगणात कोणी नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला, कारण माझ्यासाठी आई कधी पदर घेत नाही.

"आई, मी हाय गं."

"ती येईल मागून. तिची बस उशिरा येते. तुमी बसा."

तिनं बाबांचं काठाचं ताट पुढे ठेवलं. तेरावं झाल्यावर मी ते स्वतःच्या हातानं माळ्यावर टाकलं होतं. नीट दिसत नसलेल्या, शिडी न चढू शकणाऱ्या आईनं ते कधी आणि कसं उतरवलं, मला आजही माहीत नाही. भाताचा ढीग, मध्ये बोटांनी केलेला खळगा आणि त्यात वालाचं कालवण, बाबांना लागायचं अगदी तसं. मी उठणारच होते. पण ती समोर बसून माझ्या हाताकडे बघत होती. मी घास घेतला.

ताट संपल्यावर तिनं ते ओढून घेतलं, त्याच ताटात स्वतःला वाढलं आणि पोटभर जेवली. किती महिन्यांनी! मग हात धुऊन तिनं रिकाम्या दाराकडे पाहिलं.

"आलीस का गं? बस, तुला वाढते."

मी माझ्या ताटावर बसले आणि दुसऱ्यांदा जेवले.

हे रोजचं झालं. आईच्या गालांवर मांस आलं. माझं काय झालं ते डॉक्टरांच्या काट्यावर दिसलं, आणि साखरही निघाली. रात्रीचं जेवण हलकं ठेवा, नाहीतर पाय कामातून जातील, असं त्यांनी दरडावून सांगितलं. बसमध्ये बसून मी बाबांवर चिडायचे. जिवंतपणी पाण्याचा तांब्या कधी स्वतः उचलला नाहीत, आणि आता मेल्यावर माझ्याच पोटातून जेवताय!

मी पहाटे चालायला लागले. अंग थोडं उतरलं, गुडघे मोकळे झाले, पाऊल हलकं पडायला लागलं. आणि बाबा यायचे बंद झाले. "ते आले नाय अजून," म्हणत आई दाराकडे बघत राहायची आणि तशीच उपाशी झोपायची. एकदा मी मुद्दाम पाय ओढत आले, तर ती घाबरून ओरडली, "कोण हाय दारात?" पाय माझाच होता, तरी तिला तो परका वाटला. मी चालणं सोडलं. पाऊल पुन्हा आपसूक जड झालं आणि तिनं पुन्हा पदर ओढला.

तेव्हा मला एक युक्ती सुचली. एकाच ताटात जेवलो तर निम्मा भात तिच्या पोटात जाईल. त्या संध्याकाळी मी बाबांसारखा आवाज जाड करून म्हटलं, "तू पण बस. बरोबरच जेवू."

तिचा हात थांबला. ती सरकत जवळ आली आणि आपला गार तळवा माझ्या गालावरून, हनुवटीवरून फिरवला.

"त्यांनी मला असं कधी म्हटलं नाय," ती म्हणाली. "तू कोण हायस?"

मला तिची भीती वाटली, आणि भीतीहून जास्त कीव आली. उभ्या संसारात एवढं एक वाक्य तिच्या वाट्याला आलं नव्हतं. त्या दिवशी ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली, पाणीसुद्धा प्यायली नाही.

दुसऱ्या दिवशी मी एक अक्षर बोलले नाही. येऊन बसले आणि बाबा करायचे तसं रिकामं ताट दोन बोटांनी पुढे ढकललं. आईनं पदर ओढला आणि वाढलं. मी खाली मान घालून जेवत राहिले. थोड्या वेळानं ती हळूच बोलायला लागली.

"पोर लय सुटलीय हो. गुडघे गेलेत तिचे, रातची कण्हते. माजं ऐकत नाय. तुमी सांगा तिला, रातचा भात सोड म्हणावं. तुमचं ऐकंल ती."

मी बाबांसारखी मान हलवली.

तिला बरं वाटलं असावं. "घ्या," असं म्हणून तिनं माझ्या ताटात आणखी भात वाढला, आणि तो संपेपर्यंत समोर बसून राहिली.