वस्तादांचा हात आणि माझं अक्षर

वस्ताद आधी माणसांचे केस कापायचे, मग उंदरांचे. दुकान बसलं, तेव्हा कॅन्सरवर संशोधन करणाऱ्या आमच्या प्रयोगशाळेने त्यांना घेतलं; उंदरांच्या पाठी भादरायला हलका हात हवा होता. "हे गिऱ्हाईक बरं," ते म्हणायचे, "राजकारण सांगत नाही, आरसा मागत नाही." मी पिंजरे धुवायची आणि रजिस्टर भरायची. मला ही नोकरी त्यांनीच शब्द टाकून मिळवून दिली होती. तरी मी धुतलेल्या पिंजऱ्यात खोट काढल्याशिवाय त्यांचा दिवस जात नसे.

काम सांगायला सोपं. भादरलेल्या पाठीवर एकदा कॅन्सर करणारं रसायन लावायचं, मग आठवड्यातून दोनदा कातडीला चिडवणारं दुसरं. काही महिन्यांत गाठी उठतात. औषधाने त्या थांबतात का, ते बघायचं. अट एकच, केस काढायचं मशीन कातडीला लागता कामा नये. असल्या पाठीवर साध्या ओरखड्यानेही गाठ उठते. अठरा वर्षांत वस्तादांच्या हातून एकही ओरखडा गेला नव्हता.

नव्या संशोधक मॅडम आल्या त्या माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाच्या. पाच वर्षं खपून त्यांनी गाठी थांबवणारं एक मलम तयार केलं होतं. चाळीस उंदरांना नुसती रसायनं, चाळिसांना वर मलम. मलमवाले खालच्या फळ्यांवर होते, म्हणून त्यांची पाळी शेवटी. वरचे चाळीस होईपर्यंत वस्तादांचा हात नीट चालायचा, पुढे थरथरायला लागायचा.

पहिला ओरखडा मी पाहिला. त्यांनी बोटाने रक्त टिपलं.

"रिटायर व्हायला दीड वर्ष राहिलंय, ताई. आता काय तुझ्यासोबत पिंजरे धुवू?"

मला राग आला. पिंजरे धुण्यात कमीपणा कसला? पण उपकाराचं ओझं होतं, मी रजिस्टरात लिहिलं, 'जखम नाही'. त्या दिवशी लिहिलं, मग दर वेळी लिहीत गेले.

गाठी मलमवाल्यांनाच जास्त आल्या. मॅडमनी खाणं तपासलं, पाणी तपासलं. पाठीवर खपल्या दिसल्या, त्याही मलमानेच उठल्या असं धरलं. वस्तादांच्या हाताचा संशय त्यांच्या मनालाही शिवला नाही. वरिष्ठांनी काम बंद करायला लावलं. ऐंशीही उंदीर मारले.

मॅडम टेबल आवरत होत्या, तेव्हा वस्तादांना राहवलं नाही.

"मॅडम, औषधात खोट नाही. माझा हात थरथरतो. ओरखडे माझे आहेत."

त्यांनी हात पुढे केला. मेला नेमका तेव्हा अगदी स्थिर होता.

मॅडमचे डोळे भरून आले. "मला बरं वाटावं म्हणून स्वतःवर घेऊ नका, वस्ताद."

"खरं सांगतोय. हिला विचारा."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "ताई, तुम्ही रोज तिथेच होता. खरं आहे का हे?"

हो म्हणायला एक श्वास पुरला असता. पण रजिस्टरातलं अक्षर माझं होतं आणि नोकरीही माझीच जाणार होती.

"रजिस्टरात तसं काही नाही, मॅडम."

वस्तादांनी पुढे केलेला हात मागे घेतला. मॅडमनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, उरलेलं मलम कचऱ्याच्या डब्यात खरवडून टाकलं आणि बरणी माझ्या हातात दिली. मी ती धुवायला घेऊन गेले.