रद्दीची फिर्याद

फेब्रुवारीतला दुसरा शनिवार होता आणि मी मुद्देमाल खोलीतला जुना माल नोंदींशी पडताळून घेत होते. हे काम कोणालाच आवडत नाही. धूळ, उंदीर, विहिरीवरच्या मोटारींच्या जप्त केबली आणि निकाल लागून गेला तरी न्यायला कोणी न आलेल्या वस्तू. तेव्हा मी शिरूर तालुक्यातल्या एका ठाण्याची प्रभारी अधिकारी होते. नोकरी सोडून आता काही वर्षं झाली. खुनाचे तपास केले, दरोड्यांचेही केले. पण कोणी जुनं काही विचारलं की मला आधी त्या शनिवारी आलेली फिर्यादच आठवते.

फिर्यादी चाळिशीचा, दौंडला रेल्वेत नोकरीला. खुर्चीत बसण्याआधीच त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. पुण्यात जुनी पुस्तकं आणि कागद यांचा लिलाव व्हायचा होता, त्याची यादी पडद्यावर होती. यात्रेची हँडबिलं, कुस्त्यांच्या जाहिराती, तमाशाचे रंगीत कागद, लग्नपत्रिका, जुन्या निवडणुकांची पत्रकं, काही पोथ्या. वर लिहिलं होतं : एका ग्रामीण छापखान्याचा संग्रह.

"हा माझ्या वडिलांचा छापखाना," तो म्हणाला. "छापलेल्या प्रत्येक कामाची एक प्रत ते ठेवायचे. मागच्या वर्षी गेले. काल घरी येऊन बघतो तर आतली खोली रिकामी. आईला विचारलं तर म्हणते, मला काय म्हाईत."

आमचे हवालदार जुने आणि तोंडाळ. "मॅडम, रद्दीची फिर्याद घ्यायची? उद्या लोक उकिरडा चोरीला गेला म्हणून येतील."

"आले तर त्यांचीही घेऊ. लिहा."

मालाची ओळखीची खूण विचारली. तो म्हणाला, वडील सालवार गठ्ठे बांधायचे, आईच्या जुन्या पातळांच्या तुकड्यांत. प्रत्येक गठ्ठ्याला चार गाठी, अशा आवळलेल्या की नखाने सुटायच्या नाहीत. मी ते फिर्यादीत तसंच घ्यायला लावलं. संशय कोणावर, या प्रश्नाला उत्तर तयार होतं. घराच्या पुढच्या खोलीत भाडेकरू होता. तिशीतला, बिहारचा, शिक्रापूरजवळच्या एका कंपनीत कंत्राटी कामगार. दिवाळीच्या सुमाराला तो गोण्या टेम्पोत चढवताना शेजाऱ्यांनी पाहिला होता.

हवालदारांनी त्याला दुपारी कंपनीच्या गेटवरून उचललं. पाळी बदलायची वेळ, सगळे बघत होते. कंत्राटदाराने तिथेच त्याचा गेटपास काढून घेतला.

चौकशीला बसवलेला माणूस साधारण दोन प्रकारचा असतो. एक खूप बोलतो, एक रडतो. हा दोन्ही करत नव्हता.

"गोण्या तू उचलल्यास?"

"बोरी उठाया, मॅडम. चोरी नहीं किया."

"कोणी सांगितलं उचलायला?"

त्याने खाली बघितलं.

"टेम्पो कोणाचा होता?"

"फेरीवाले का. रद्दीवाला."

"त्याला बोलावलं कोणी?"

हवालदारांनी आवाज चढवून पाहिला, मग चहा पाजून पाहिला. तो चहा प्यायला, कप धुऊन ठेवला आणि पुन्हा बाकावर जाऊन बसला. जेवणाला मात्र हात लावला नाही. मी अटक दाखवली नाही. रोज ठाण्यात हजेरी लावायला सांगून सोडलं आणि खोली सोडून जाऊ नकोस म्हणून बजावलं. पण त्याच्या गळ्यात पास नव्हता, म्हणजे काम नव्हतं. फिर्यादी दर दिवसाआड फोन करायचा : "कधी आत टाकताय त्याला?"

आठवड्याच्या आत मी पुण्याला गेले. लिलावाआधी माल बघायला मांडून ठेवतात, तो दिवस होता. एका स्वच्छ हॉलमध्ये लांब टेबलं आणि त्यांवर आमच्या तालुक्यातल्या यात्रा. गुलाबी कागदावर कुस्त्यांचा फड, 'समस्त ग्रामस्थ' सह्या करून उभे. चष्मे लावलेली माणसं वाकून बघत होती. तिथल्या व्यवस्थापकाला मी विचारलं, या कागदांत आहे काय एवढं?

"मॅडम, पुस्तक लोक जपतात. यात्रेचं हँडबिल कोणी जपत नाही. हे कोणीतरी जपलं, एवढंच आहे त्यात."

माल त्याच्याकडे शिक्रापूरच्या एका रद्दीच्या दुकानातून आला होता, रीतसर पावतीने. मी गठ्ठ्यांची कापडं मागितली. कापड नव्हतंच. कागद गोणीत सुटे आले होते, आणि त्याने ते उसासा टाकून सांगितलं, कारण जुनं बांधण असतं तर बघणाऱ्यांना ते जास्त आवडलं असतं.

परत येताना शिक्रापूरला थांबले. ट्रकच्या रांगेमागे दुकान होतं. दुकानदाराला फेरीवाला आठवत होता, पण तो आता गावी गेलेला आणि फोन बंद. "कापड? न्हाई हो मॅडम. गोण्या म्यां सवता उपसल्या. चिंधी असती तर आधी काढली असती, चिंध्यांचं गिऱ्हाईक येगळं असतंय."

गाडीत बसल्यावर मी तेवढ्याच गोष्टीवर विचार करत राहिले. चोराला घाई असते. बांधलेला गठ्ठा उचलायला सोपा, तो आहे तसा नेतो. इथे कोणीतरी बसून एकेक गाठ सोडली होती आणि कागद देऊन कापड मागे ठेवलं होतं. ज्याला कापड हवं होतं त्याला कागदांची किंमत नव्हती.

घराचा पंचनामा हवालदारांनी केला होता. मी तिथे पहिल्यांदाच जात होते. स्लॅबचं साधं घर, कंपाउंडच्या भिंतीवर गोधडी उन्हात टाकलेली. नवी होती, टाके अजून पांढरे. आतली खोली बघितली. झाडलेली, खिडकीशी खाट, खाटेवर उशी. पंचनाम्यात 'एक लोखंडी खाट' लिहिलं होतं आणि आम्ही कोणी पुढचा प्रश्न विचारला नव्हता.

फिर्यादीची आई सत्तरीची. तिने पाणी दिलं. मी बाहेर भिंतीपाशी उभी राहिले.

"मावशी, गोधडी सुरेख झालीय. कोणी शिवली?"

"म्याच की. हात चालतोय अजून."

"हा हिरवा तुकडा?"

"पयल्या दिवाळीचं लुगडं. आन् ह्यो जांभळा, थोरल्याच्या बारशाचा."

"गाठी सोडायला त्रास झाला असेल."

ती मग ओट्यावर बसली.

"दाभणानं सोडल्या," ती म्हणाली. "सगळी माझीच लुगडी व्हती, बाई. नेसून झालं की मालक न्यायचे. गावातल्या समद्यांच्या लग्नाचे कागद माझ्या लुगड्यात, आन् मी पडवीत. आतल्या खोलीला खिडकी हाय, वारं येतं. चाळीस वरसं मागत व्हते, एक खाट टाका म्हणून. ते म्हणायचे, कागदाला ओल लागंल."

"मग मुलाला सांगितलं का नाही?"

"त्यो आला तोच वराडत. ज्यानं नेलं त्याला जेलात घालतो म्हणला. मग कसं सांगू?"

"आणि भाडेकरूला काय सांगितलंत?"

"गोण्या चढवायला म्याच बोलवला त्याला. आन् म्याच म्हणलं व्हतं, माझ्या लेकाला बोलू नको."

"तो बोलला नाही, मावशी. आम्हालाही नाही. काम गेलंय त्याचं. अजून गप्प राहिलात तर त्याच्यावर चोरीचा गुन्हा लागेल."

"काम गेलं? मला म्हणतोय सुट्टी हाय!" ती उठली. "मारलं का हो त्याला तुमी?"

"नाही."

"मग चला." तिने पायात चपला सरकवल्या आणि माझ्याआधी गाडीत जाऊन बसली.

जबाब ठाण्यात नोंदवला. मुलगा दौंडहून आला तेव्हा ती हवालदारांच्या समोरच्या खुर्चीत बसलेली होती.

"आई, तू? मला विचारायचं तरी!"

"तू इचारलं का मला कवा, त्या खोलीत तुला काय पायजे म्हणून? बाप गेला तवा कागद किती हायती इचारलंस. आय कुठं झोपती ते न्हाई इचारलंस."

हवालदार एकाएकी स्टेशन डायरी लिहू लागले. मुलाने मला विचारलं की फिर्याद मागे घेता येईल का. मी सांगितलं, मागे घेता येत नाही, पण गैरसमजातून दाखल झाल्याचा अहवाल मी न्यायालयाला पाठवीन. माल आईने स्वखुशीने दिला, त्यात चोरी नाही. लिलाव ठरल्याप्रमाणे होईल. तिथे जाऊन बोली लावायची असेल तर ती त्याची मर्जी. त्याने लावली की नाही, मी नंतर चौकशी केली नाही.

या प्रकरणाने मला तपासाची एक सवय दिली. काय गेलं हे सगळेच विचारतात. त्यानंतर मी काय मागे राहिलं हेही लिहून घ्यायला लावलं. पण त्याहून दुसरी गोष्ट मनाला लागली. माणसाला उचलताना आपण गाडी घेऊन जातो, भर गर्दीत. तो निर्दोष निघाला की, 'जा' म्हणतो, आणि तो मागच्या दाराने पायी निघून जातो. नेलेलं सगळ्यांनी पाहिलेलं असतं, सोडलेलं कोणीच नाही. कायद्याने आपलं काम तिथे संपतं. त्याचं संपत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गणवेश चढवला, हवालदारांना बोलावलं आणि भाडेकरूला त्याच्या खोलीवरून गाडीत घेतलं. तो मागे बसायला निघाला. मी त्याला पुढे बसवलं. पहिल्या पाळीची माणसं आत जात होती तेव्हा आम्ही त्याच गेटवर थांबलो. कंत्राटदार धावत आला.

"मॅडम, पोलीस केस झाली की कंपनी घेत न्हाई हो. माझ्या हातात काय नसतंय."

"केस नाही. चोरीच झाली नव्हती," मी रांगेला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले. "लेखी पाहिजे?"

हवालदारांनी टाइप केलेला कागद कंत्राटदाराच्या हातात ठेवला. त्याने तो वाचला, खिशातून पास काढला. भाडेकरूने पास गळ्यात घातला, मला म्हणाला, "पाली शुरू हो गया, मॅडम," आणि रांगेत उभा राहिला. त्याचा हजेरीचा पंच होईपर्यंत मी गेटवरच उभी होते.