योरुनचा लाल-हिरवा तक्ता

योरुन मिक्लेबुस्ट कुणालाच आवडत नसे, आणि तिलाही कुणी आवडत नसे. ‘फिट्टंफाट आहे की, तक्रार कसली?’ असं ती स्वतःच म्हणायची.

आमच्या स्टाइनवोय बेटावरून पलीकडच्या किनाऱ्याला जाणाऱ्या फेरीबोटीच्या कचेरीत ती पाळ्या लावायची. कोण कधी कामावर, कोण कधी सुट्टीवर, हे ती ठरवणार आणि बाकीच्यांनी निमूट ऐकायचं. मी त्याच बोटीवर कँटीन चालवते. स्वेले म्हणजे आमची जाड गोड धिरडी भाजायची, त्यावर तपकिरी चीज ठेवायचं आणि कॉफीबरोबर द्यायची, हे माझं काम. त्यामुळे बोटीवरची सगळी भांडणं माझ्या काउंटरसमोरच होतात.

एक्सेलमध्ये मुळात ज्या फिकट करड्या रेघा असतात, त्या योरुनला बघवत नसत. “ही रेघ म्हणायची की कोळ्याचं जाळं? कागदावर उमटत नाही, चौकोनात रंग भरला की पळून जाते. असल्या रेघेच्या भरवशावर मी माणसं बसवू?” असं म्हणत तिने त्या बंदच करून टाकल्या होत्या. मग ती स्वतः एकेका चौकोनाला काळी किनार मारायची, दोन आठवड्यांच्या मध्ये जाड रेघ ओढायची आणि आत रंग भरायची. सकाळपाळीला पिवळा, दुपारपाळीला निळा, सुट्टीला पांढरा, शिवाय वर एकेक अक्षर. कुणी सुट्टी बदलून मागितली तर म्हणायची, “सगळा तक्ता रंगवून झालाय माझा. तुझ्या आत्याच्या वाढदिवसासाठी मी पुन्हा रंगवायचा?” पाठीमागे सगळे तिला रंगारीण म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती.

तिचा शेजारी हाल्वार ओवरेबो हा आमच्या बोटीवर कॅप्टनच्या खालचा अधिकारी. कॅप्टन जेवायला गेला की सुकाणू याच्या हातात. हसरा, अकॉर्डियन वाजवणारा, म्हाताऱ्यांची सामानाची पोती उचलून गाडीत ठेवणारा माणूस. बेटावर त्याला नावं ठेवणारी एकटी योरुनच. कारण दोघांच्या कुरणांमधली दगडी बांधाची जुनी भिंत. योरुन बहिणीकडे गेली असताना हाल्वारने यंत्र लावून ती भिंत तिच्या बाजूला सरकवली आणि होडीघराकडे जायला वाट काढली. ती परत आली तेव्हा कुरणाचा एक तुकडा गेलेला.

“वारा आला होता का रे?” तिने बांधावरून विचारलं. “माझी भिंत उडाली ती?”

“अगं, मेंढ्या तरी आहेत का तुझ्याकडे? रिकामं गवत ते!”

“रिकामं डोकंही माझंच आहे. तेही घेऊन जा.”

तडजोड समितीने दोघांनाही बोलावलं. वाट राहू द्यावी, दगड मात्र परत द्यावेत, असा निकाल झाला. दगड घेऊन योरुन काय करणार होती? त्यानंतर तिने हाल्वारशी बोलणं टाकलं. तक्त्यात मात्र ती त्याच्याशी रोज बोलत होती. त्याच्या ओळीभोवती तिने अशी जाड काळी चौकट घातली, की भिंतीवर लावलेला कागद बघून लोक विचारत, “हाल्वार वारला की काय?” नाताळाची पाळी त्याची, ईस्टरची त्याची, गावच्या नाचाच्या दिवशीची तर हमखास त्याची.

मग वरच्या साहेबांनी फर्मान काढलं, की मोबाइलवर अक्षरं वाचता येत नाहीत, तक्ता सोपा करा. योरुनने अक्षरं पुसली, पिवळा-निळाही काढला. पाळीची वेळ आठवडाभर एकच ठेवली आणि काम म्हणजे लाल, सुट्टी म्हणजे हिरवा, एवढंच ठेवलं. सगळ्यांना ते लगेच समजलं. हाल्वार मात्र चुकायला लागला. सुट्टीच्या दिवशी डबा घेऊन धक्क्यावर हजर, आणि कामाच्या दिवशी बोट त्याची वाट बघत उभी. कॅप्टन आयविनला वाटलं, हा मुद्दाम तिला छळतोय. योरुनलाही सुरुवातीला तेच वाटलं.

“माझ्या तक्त्याला बदनाम करायचंय त्याला,” ती मला म्हणाली. “तू बघ, टुरिड, कसा वठणीवर आणते.”

पण ती नुसती चिडणारी बाई नव्हती. बघणारी होती. एकदा धक्क्यावरच्या फळ्यासमोर हाल्वार एका खलाशाला म्हणताना तिने ऐकलं, “चष्मा राहिला रे घरी, माझं काय लागलंय ते सांग जरा.” आणि त्याच दमात त्याने फळ्याखालची बारीक छापलेली हवामानाची सूचना घडाघडा वाचली. योरुन खिडकीत उभी होती. तिथूनच ती टेबलाकडे वळली आणि पुढच्या आठवड्याचा तक्ता करायला बसली.

तो कागद घेऊन ती बोटीवर आली तेव्हा कँटीनमध्ये कॅप्टन आयविन, दोन खलाशी आणि हाल्वार कॉफी पीत होते. तिने कागद हाल्वारच्या बशीशेजारी ठेवला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती त्याच्याशी बोलत होती.

“तुझी सुट्टी कधी आहे, वाच.”

हाल्वारने कागदाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “आज एवढी माया कशी?”

“वाच म्हणते ना.”

“शनिवार-रविवार,” तो म्हणाला. “आभारी आहे.”

एक खलाशी फिसकन हसला. शनिवार-रविवारच काय, अख्खा आठवडा लालभडक होता. सुट्टी फक्त बुधवारी होती, आणि तो एक चौकोन गवतासारखा हिरवागार होता. मला काउंटरमागूनही तो दिसत होता.

“तू शनिवार-रविवार म्हणालास कारण सगळे तेच म्हणतील,” योरुन म्हणाली. “लाल-हिरव्यातला फरक लाल-हिरव्यातला फरक तुला दिसतच नाही. दोन्ही रंग मी सारखेच गडद करून आणलेत. गडद-फिका बघून तू आजवर कसंबसं निभावून नेत होतास ना? आता सांग, हिरवा कुठला?”

“चष्मा नाही माझ्याकडे.”

“चष्मा तुझ्या नाकावर आहे, हाल्वार.”

आता कुणी हसलं नाही. समुद्रावरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. अंधारात समोरून बोट आली की तिच्या डाव्या अंगाला लाल दिवा, उजव्या अंगाला हिरवा. ती कुठे वळतेय हे त्यावरूनच कळतं. कॅप्टन आयविनने कप खाली ठेवला.

“हाल्वार, खरं बोल. दिवे दिसतात तुला?”

“प्रत्येक दिवा कुठे असतो ते मला पाठ आहे. तुझ्यापेक्षा जास्त.”

“धक्क्यावरचे दिवे जागा सोडत नाहीत. बोटी सोडतात.”

“कधी खरचटलंय का बोटीला माझ्या हातून?” हाल्वार उठला. कागद त्याने चुरगाळून योरुनच्या पायाशी टाकला. “भिंतीचं उट्टं काढतेस. भटकी कुत्री तुझ्यापेक्षा बरी, ती समोरून चावतात.”

“मी समोरच उभी आहे,” योरुन म्हणाली.

तिने वर कळवलं. आयविनने तिला थांबवून पाहिलं, म्हणाला, मीच त्याच्याशी बोलतो, गुपचूप मिटवू. ती म्हणाली, “गुपचूप मिटवायला ही काय सांडलेली कॉफी आहे?” हाल्वारला शहरात नव्या डॉक्टरकडे पाठवलं. तिथे सगळं बाहेर आलं. गावातला म्हातारा डॉक्टर रंगांची नजर तपासायचं, ठिपक्यांत लपलेल्या आकड्यांचं तेच पुस्तक नेहमी त्याच क्रमाने उघडायचा, आणि हाल्वारने ते तरुणपणीच पाठ करून टाकलं होतं. त्याचा सुकाणूवरचा परवाना गेला. धक्क्यावरच्या दुरुस्तीच्या शेडमध्ये त्याला काम दिलं. अकॉर्डियन मी त्यानंतर ऐकलं नाही.

बेटाने योरुनला माफ केलं नाही. तिच्या टपालपेटीत माशांची आतडी सापडली. गावच्या सभागृहात ती बसली की शेजारची खुर्ची रिकामी व्हायची. फेरीवर गाडी चढवताना खलाशी तिलाच शेवटी बोलवत, आणि पाऊस असला तर काच खाली करायला लावून तिकीट सावकाश तपासत. दुकानातली बाई तिला म्हणाली, “तुझ्यासारखीला इथे ब्रेडसुद्धा मिळू नये.” योरुन म्हणाली, “नको देऊस. कालचाच असतो तो.”

कुणी तिला हेही म्हणालं नाही, की पोरांनी भरलेली शाळेची बस रोज त्याच बोटीवर चढते. मीही म्हणाले नाही. मला हाल्वार आवडायचा.

हाल्वारने त्याच उन्हाळ्यात परत दिलेले दगड तिच्या कुरणातून पुन्हा उचलले आणि भिंत आणखी हातभर तिच्या बाजूला रचली. ती टेप घेऊन बाहेर आली, तो पहार घेऊन. पोलीस पलीकडच्या किनाऱ्यावरून यायचे होते, तेही फेरीनेच, त्यामुळे दोघांना तासभर तसंच उभं राहावं लागलं. खटला अजून चालू आहे. दोघांचेही केस पिकले.

पुढे पाळ्यांचं काम शहरात गेलं. तिथलं यंत्र आपोआप तक्ता करतं, रंगांशेजारी अक्षरंही असतात. योरुन घरी बसली. कधीमधी दाताच्या डॉक्टरकडे जायला बोटीवर येते. गेल्या खेपेला कँटीनमध्ये आमच्या दोघींशिवाय कुणी नव्हतं, म्हणून मी धीर करून विचारलं.

“योरुन, हाल्वारच्या जागी दुसरं कुणी असतं, तुझं भांडण नसलेलं कुणी, तर कळवलं असतंस?”

तिने घास संपवला.

“कळवलं असतं,” ती म्हणाली. “पण इतका आनंद झाला नसता.”

मग ताटली माझ्याकडे सरकवून म्हणाली, “ही धिरडी मधे कच्ची आहेत. नीट भाजत जा.” आणि गाडीत जाऊन बसली.