निळ्या चपलेचं बूच

कंपनीचा फ्रीजर आमच्याकडे आला तेव्हा मी आठवीत होते. बदलापूरला बेलवलीतल्या आमच्या तळमजल्यावरच्या घराची पुढची खोली म्हणजे दुकान. दूध, पाव, बिस्किटं, आणि त्या उन्हाळ्यापासून आइस्क्रीम. वडील अंबरनाथच्या एमआयडीसीत शिफ्टला जायचे, दुकान आईचं होतं. फ्रीजर कंपनीनं फुकट दिला होता. अट एकच, आत कंपनीच्या आइस्क्रीमशिवाय काही ठेवायचं नाही. तसं त्याच्या अंगावर इंग्रजीत छापलेलं होतं. वाचून मराठीत आईला मीच सांगितलं.

बसवायला कंपनीचा मेकॅनिक उल्हासनगरहून स्कूटरवर आला. आईला त्यानं पहिल्या वाक्यात ‘ताई’ म्हटलं आणि आई त्याला ‘भाऊ’ म्हणाली, म्हणून ते माझे मामा झाले. मी इंग्रजी शाळेतली. बिल्डिंगमधला प्रत्येक पुरुष माझ्यासाठी अंकल होता. मामा हे एकटेच.

फ्रीजर भिंतीपासून वीतभर पुढे ओढून मामा म्हणाले, “याच्या मागे पोती रचू नका, ताई. याला पण श्वास घ्यायला जागा लागते. आणि आत्ता लगेच चालू करायचा नाही. टेम्पोत हलून आलाय, तेल खाली बसू दे.” मग ते अधूनमधून सर्व्हिसला यायचे. मागची जाळी ब्रशनं साफ करायचे. माझ्या वहीचा कागद झाकणाच्या रबरात अडकवून ओढून बघायचे. कागद सहज सुटला तर तिथून थंडी जाते. मी टॉर्च धरायचे. घरी येणारी बाकीची मोठी माणसं मला इंग्रजीत काहीतरी म्हणून दाखव म्हणायची आणि मी आतल्या खोलीत पळायचे. मामांनी असं कधी सांगितलं नाही. ते बोलायचे, मी ऐकायचे, आणि त्यांना ते चालायचं.

एकदा बर्फ काढून फ्रीजर धुताना तळाच्या भोकाचं बूच हरवलं. मामांनी जुनी चप्पल मागितली. माझी पट्टा तुटलेली निळी चप्पल होती. तिच्या तळव्यातून त्यांनी ब्लेडनं गोल तुकडा कापला. एका बाजूला ब्लेड सटकलं आणि कड तिरकी झाली, तरी बूच घट्ट बसलं.

“कंपनीपेक्षा भारी,” मामा म्हणाले.

लोडशेडिंगची वर्षं होती. दुपारी लाइट गेली की आइस्क्रीम मऊ पडायचं. मामा म्हणाले, “अर्धा रिकामा फ्रीजर लवकर गरम होतो, ताई. भरलेला असला की थंडी धरून ठेवतो. भरा.”

“कशानं भरू? एवढं आइस्क्रीम खपतं का इथे?”

“पाण्याच्या बाटल्या टाका. नाहीतर ते तुमचं जांभूळ टाका.”

आईच्या माहेरी जांभळाची दोन झाडं होती. गर काढून, साखर-मीठ घालून ती पातळ पिशव्यांमध्ये भरायची. मामांनी जागासुद्धा दाखवली. फ्रीजरच्या एका बाजूला खाली कॉम्प्रेसर असतो, म्हणून आत तिथे पायरीसारखा उंचवटा असतो. त्यावर जाळीची टोपली. टोपलीखाली चार बोटं जागा.

“इथे कोण हात घालतोय?” ते हसून म्हणाले.

पुढचे दोन उन्हाळे जांभळ्या जिभांची पोरं दुकानासमोर उभी असायची. मांजर्लीहून बायका पिशव्या न्यायला यायच्या. आइस्क्रीम कंपनीचं होतं, दूध डेअरीचं होतं. जांभूळ आईचं होतं. ते विकताना तिचा आवाज वेगळा लागायचा.

तिसऱ्या उन्हाळ्यात कंपनीचा माणूस तपासणीला आला. एरवी हे लोक वरवर खोके बघून सही घेऊन जायचे. यानं आधी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात ठेवलं, बाही वर केली, सरळ टोपलीच्या बाजूचं झाकण उघडलं आणि टोपली उचलून खाली हात घातला. फ्रीजरच्या बाकीच्या भागाकडे त्यानं बघितलंही नाही.

“हे काय?”

“घरच्यांसाठी आहे,” आई म्हणाली.

“बरंच मोठं खटलं आहे तुमचं.” मग माझ्याकडे वळून, “यू कॅन रीड, नो? काय लिहिलंय इथे?”

मी त्याच्या मोकळ्या मनगटाकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला आणि फ्रीजर गेला. आईनं मामांना फोन केला. वरून ऑर्डर आहे, माझ्या हातात काय आहे, असं काहीतरी ते म्हणाले. फ्रीजर होता तिथे फरशीवर उजळ चौकोन राहिला.

“त्याला जागा माहीत होती,” मी आईला म्हटलं. “आधी घड्याळ काढलं त्यानं.”

“उगाच कुणावर संशय घेऊ नये,” आई म्हणाली.

पावसाळ्यात मी अंबरनाथ पश्चिमेला क्लासला जायला लागले. एका दुपारी मैत्रिणीबरोबर स्टेशनजवळच्या नव्या कोल्ड्रिंकच्या दुकानात शिरले. दुकानातली बाई फ्रीजर बंद करून बर्फ वितळवत होती. कंपनीचे फ्रीजर सगळे सारखेच दिसतात. पण बूच काढून तिनं झाकणावर ठेवलं होतं. निळं, तळव्याच्या नक्षीचं, एका बाजूला तिरकं.

अनोळखी माणसाशी मी स्वतःहून बोलत नसे. तिच्याशी बोलले. “फ्रीजर नवीन आहे?”

“नवीनला नंबर लावावा लागतो, बाळा. माझा भाऊ आहे ना कंपनीत मेकॅनिक. कुणाकडचा तरी परत आला, तो त्यानं लगेच आम्हाला मिळवून दिला. उल्हासनगरहून स्वतः येऊन बसवून गेला.” तिचा चेहरा प्रेमळ होता. “काय देऊ तुला?”

“काही नको.”

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. “मला वाटलंच होतं,” एवढंच म्हणाली, आणि निवडत राहिली. म्हणजे तिलाही कळलं होतं, आणि मला मात्र तिनं गप्प केलं होतं.

पुढच्या उन्हाळ्याआधी आईनं उल्हासनगरच्या बाजारातून जुना फ्रीजर विकत आणला. स्वतःचा. आणि तो चालू करायला मामांना बोलावलं.

“त्यांना?”

“बोलावल्या दिवशी बदलापूरला येणारा दुसरा कोण आहे, दाखव मला. ऐन मे महिन्यात बंद पडला तर तू करणार आहेस?”

मामा आले. फ्रीजर पुढे ओढला, एका पायाखाली प्लायवूडचा तुकडा सरकवला. “स्वतःचा घेतलात ते बेस्ट केलंत, ताई. आता काय वाटेल ते भरा.” मग नेहमीच्या आवाजात, “असिस्टंट कुठे आहे आमची?”

मी टॉर्च धरला. तळाच्या भोकाला बूच नव्हतं. मामांनी खिशातून ब्लेड काढलं. “जुनी चप्पल आहे का गं?”

“होती. निळी. ती अंबरनाथला आहे, तुमच्या बहिणीच्या दुकानात.”

त्यांनी वर बघितलं नाही. हात फ्रीजरच्या आतच राहिला.

“तू आत जा,” आई म्हणाली. “चहा टाक.”

ओट्याशी उभी राहून मी वाट बघत होते, की आता ती बोलेल. ती आत आली, फडताळातले पाहुण्यांचे कप काढले, मी केलेला चहा त्यात ओतला आणि बाहेर घेऊन गेली.

“भाऊ, चहा घ्या.” तोच आवाज, जसाच्या तसा.

“ताई, माझ्या बहिणीचा नवरा घरी बसलाय, म्हणून...”

“चहा गार होतोय,” आई म्हणाली.

भोकात त्यांनी चिंधी कोंबली आणि पुढच्या वेळी नवीन बूच आणतो म्हणून सांगितलं. आणलंही. पुढे काही वर्षं तेच येत राहिले. फ्रीजर कधी फार काळ बंद राहिला नाही, टोपलीत उघड्यावर जांभूळ असायचं.

त्या दिवशी स्कूटर चालू करताना त्यांनी दाराकडे बघून हात केला. “येतो गं.”

“ओके अंकल,” मी म्हटलं.