समोर कोण आहे ते बघा

मुरबाडकडून आलेल्या त्या माणसाचं नाव मी विचारलंच नाही. शहापूरजवळच्या आमच्या पाण्याच्या ऑफिसात एका लोखंडी रॅकमध्ये चार कॉम्प्युटर आहेत. ते चारही एकाच पडद्यावरून आणि एकाच कीबोर्डवरून चालावेत म्हणून तो केव्हीएम स्विच बसवायला आला होता.

त्याने आधी चारही मशीन बंद करायला लावली. हातातलं कडं काढून खिशात टाकलं. अंगातली वीज उतरावी म्हणून रॅकच्या लोखंडावर तळहात ठेवला आणि गोठ्यातल्या बैलाला थोपटावं तसा क्षणभर थांबला. स्विच घट्ट बसवून झाल्यावर प्रत्येक मशीनच्या वायरी त्याने वेगळ्या जुळवल्या आणि लावणीच्या रोपांची मूठ बांधावी तशा हलक्या हाताने बांधल्या. खिडकीबाहेर दुपार पेंगत होती, आत मी.

सगळं सुरू झाल्यावर मी मशीन बदलायचं स्विचवरचं बटण दाबलं आणि पडदा काळा असतानाच टाइप करायला लागले. त्याने चटकन कीबोर्ड स्वतःकडे ओढला. पडदा उजळला. मला वाटलं होतं हजेरीचं मशीन, समोर होतं पंपांचं.

"घाई नाय करायची, ताई," तो म्हणाला. "बटण दाबलं का जरा थांबा. समोर कोण हाय ते बघा, मंग बोला."

मशीनशी बोलायचं म्हणतो, याचं मला तेव्हा हसूच आलं.

परवा ऑफिसातल्या साहेबांवरचा राग तसाच घेऊन घरी पोचले. आईने दार उघडून "उशीर झाला गो?" एवढंच विचारलं. तोंडाशी आलेलं उत्तर मी गिळलं आणि आईचा चेहरा नीट दिसेपर्यंत उंबऱ्यातच उभी राहिले.